जावेच्या खिडक्या

सासऱ्यांनी जाण्याआधी दोन कामं उरकली. जुनं घर विकून आलेले पैसे दोन्ही मुलांत सारखे वाटले, आणि शहराच्या कडेला घेऊन ठेवलेल्या जागेवर स्वतः टेप धरून मधोमध चुन्याची रेघ मारली. डावा तुकडा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. कुणाला वीतभरही जास्त नाही. आता पोरांना भांडायला काही उरलं नाही, असं म्हणून ते समाधानानं भाड्याच्या घरी गेले आणि त्याच वर्षी वारले.

भांडायला उरलं नव्हतं हे खरं, पण तुलना करायला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती. जागा सारखी, पैसे सारखे आणि मध्ये फक्त एक रेघ.

थोरल्या सुनेला सगळे थोरलीच म्हणत. बाजारातल्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं, वीस वर्षांचं. दोन मशीन, एक लांब टेबल, आरशामागे कपडे घालून बघायची छोटी खोली. लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत जात होता. सासूबाई नव्हत्या. दिराचे डबे, गणवेश, ताप, परीक्षा, सगळं तिनंच निभावलं. तो नोकरीला लागला आणि त्यानं आपल्या पसंतीनं मुलगी आणली. ती धाकटी. एका लॅबमध्ये रक्त तपासायची. आवाज हळू, चालणं हळू, पण हातात घेतलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागत नसे. घरातल्या साखरेच्या डब्यावरसुद्धा ती चिठ्ठी चिकटवायची. थोरली त्यावरून हसायची. साखर काय मीठ काय, जिभेला कळतं की!

घर बांधायचं ठरलं तेव्हा थोरलीनं लगेच इंजिनिअर गाठला. थोरल्याचं घर आहे, ते थोरल्यासारखं दिसलं पाहिजे, एवढं तिनं आधीच सांगून टाकलं. समोर गोलाकार गॅलरी, जिना वळणाचा, हॉलला बाहेर आलेला कोपरा. इंजिनिअर भला माणूस होता. तो म्हणाला, ताई, भिंतीला जितके कोपरे तितका खर्च. कोपरा आला की विटा फोडा, सळई वाकवा, गवंड्याचा दिवस घालवा. थोरलीनं कोपरे मोजले नाहीत. तिच्या नवऱ्यानं मोजले, अकरा भरले, पण तो बोलला नाही. तो स्वभावानं मऊ होता आणि लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

धाकटीनं मात्र दोन महिने एक वीटही आणली नाही. संध्याकाळी लॅबमधून आली की चौकटीचा कागद घेऊन बसायची. शेवटी तिनं नकाशा आणला तो चार कोपऱ्यांचा, सरळसोट. स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरं एकाच भिंतीला पाठ लावून, म्हणजे नळाचे पाइप एकाच जागी. पायऱ्या सरळ. गॅलरी नाही.

"काडेपेटी," थोरली दुकानात बायकांना सांगायची. "आमची धाकटी काडेपेटीत राहायला जाणार आहे." बायका हसायच्या, आणि थोरलीचा तो दिवस चांगला जायचा.

असे चांगले दिवस तीन महिने टिकले.

मग एका सकाळी ती जागेवर गेली तर काडेपेटीवर स्लॅबसाठी फळ्या ठोकल्या जात होत्या. दोन महिने उशिरा सुरू केलेलं घर छपरापर्यंत पोचलं होतं, आणि तिचं गोल गॅलरीच्या खांबांपाशी अडलं होतं. वाकवलेली सळई तिसऱ्यांदा चुकली होती. गवंडी दोघींकडे एकच होता, म्हणून तिनं त्यालाच धारेवर धरलं. तो शांतपणे म्हणाला, त्या बाईंनी एकदा सांगितलं ते सांगितलं, परत बदल नाही. विटेच्या मापात बसतील अशाच भिंती काढल्यात, अर्धी वीटसुद्धा वाया जात नाही. पाया खणून निघालेली मातीही बाहेर गेली नाही, आतच भरली. तुमची माती न्यायला सहा ट्रॉल्या लागल्या.

थोरलीला ते नीट ऐकूच आलं नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की गवंडी 'त्या बाईंनी' म्हणताना आदरानं म्हणत होता.

त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. दुपारी दुकान बंद असताना ती जागेवर जायची आणि कुणी नसलं की धाकटीच्या घरात शिरायची. फळ्या काढल्यावर पहिल्यांदा शिरली तेव्हा ती हॉलच्या मध्यावर येऊन थांबली. वाचलेल्या पैशातून धाकटीनं छत दीड फूट उंच घेतलं होतं. पूर्वेला आणि दक्षिणेला उंच उंच रिकाम्या जागा सोडल्या होत्या, माणूस हात वर करून उभा राहील एवढ्या. त्यातून उजेड आत येऊन जमिनीवर पसरला होता. घर लहानच होतं, पण आत उभं राहिलं की छाती मोकळी व्हायची. थोरलीची मात्र आवळून आली. हे आपल्याला का सुचलं नाही, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. हे तिला का मिळावं, एवढाच आला.

बाहेर येऊन तिनं स्वतःच्या घराकडे पाहिलं. अकरा कोपरे उन्हात उभे होते. आत खोल्या अंधाऱ्या होत्या, कारण गोल गॅलरीनंच हॉलचा उजेड खाल्ला होता.

मग तिनं बदल सुरू केले. हॉलची एक भिंत पाडून मागे घ्यायला लावली. जिन्याखालची खोली काढून टाकली. छतही वर घेता येईल का विचारलं. गवंड्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"बाई, तुम्ही शिवलेलं उसवता आणि परत शिवता. कापड तेच राहतं," तो म्हणाला. "वीट उसवली की भुकटी होते."

नवऱ्यानंही त्या रात्री जेवताना विषय काढला. जे आहे त्यात घर पुरं होणार नाही असं दिसतंय, असं तो म्हणाला. थोरली म्हणाली, तुमच्या भावाचं कसं होतंय? उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

त्या उंच जागांचं गुपित तिला गवंड्याकडूनच कळलं. मापं विचित्र होती, बाजारातल्या कुठल्याच खिडकीशी न जुळणारी. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. गवंडी म्हणाला, त्या बाईंनी भिंतीच्या आधी खिडक्या शोधल्या. जुन्या इमारती पाडून निघालेलं सामान विकणारी एक वखार आहे, तिथं एका शाळेच्या आठ सागवानी खिडक्या मिळाल्या. नवीन खिडक्यांच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात. थोडे पैसे देऊन त्या राखून ठेवल्यात आणि त्यांच्या मापानं भिंतीत जागा सोडल्यात. गिलावा झाला की उरलेले देऊन आणणार.

अस्तराचं कापड आणायला जाते, असं सांगून थोरली दुसऱ्याच दिवशी वखारीत गेली. खिडक्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं टेकवलेल्या होत्या. धुळीनं माखलेल्या, पण लाकूड तसंच, टणक आणि जड. वरच्या तावदानांच्या जुन्या काचा किंचित लाटेसारख्या होत्या, त्यामुळे पलीकडचं झाड हलल्यासारखं दिसत होतं. पितळी कड्या काळ्या पडल्या होत्या. तिनं पदरानं एक घासली तर खालून पिवळं सोनं निघाल्यासारखं झालं. लिंबू आणि राखेनं एका दुपारात लखलखतील, तिला कळलं. धाकटीच्या हॉलमध्ये त्या कशा दिसतील हेही तिला दिसलं, अगदी स्पष्ट.

वखारवाला जवळ आला आणि म्हणाला, ह्या गेल्यात, लॅबवाल्या बाईंनी धरून ठेवल्यात.

"माझी जाऊ ती," थोरली म्हणाली. "तिनंच पाठवलंय मला. उरलेले पैसे देते, टेम्पो करून द्या."

हे वाक्य तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग परत घ्यायला वेळच मिळाला नाही. वखारवाल्यानं चेहऱ्याकडे पाहिलं, घरातली बाई दिसते म्हणून विश्वास ठेवला, आणि तासाभरात आठ खिडक्या तिच्या दुकानाच्या मागच्या दारी उतरल्या. फरशीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. खिडक्या कपडे घालून बघायच्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या आणि तिनं त्यांच्यावर दोन चादरी टाकल्या.

त्या संध्याकाळी ती खूश होती. घरी जाताना गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं टेप लावली आणि खाली बसली. खिडक्या तिच्या एकाही भिंतीत बसणार नव्हत्या. माप घेतल्याशिवाय वीस वर्षांत कापडाला कात्री न लावलेल्या बाईनं मापच घेतलं नव्हतं. गवंड्याला आडून विचारलं, तर तो म्हणाला, एवढी उंच खिडकी तुमच्याकडे बसवायची तर खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्ट्या तोडाव्या लागतील, आणि पट्ट्या तोडल्या तर मी जबाबदार नाही. परत करायच्या तर वखारवाला विचारणार. विकायच्या तर कुणाला?

म्हणून त्या तिथंच राहिल्या. गिऱ्हाइकांना सांगावं लागे, आत सामान आहे, घरी जाऊन घालून बघा. एका बाईनं चादर उचलून आत काय आहे ते पाहिलं, तेव्हा थोरली तिच्यावर विनाकारण खेकसली. ती बाई परत आली नाही.

धाकटीच्या घरी गिलावा झाला. उंच जागांवर निळं प्लास्टिक ठोकलं गेलं. थोरली वादळाची वाट पाहत होती. आज धाकटी दारात येईल, उद्या येईल. रात्री झोपेतसुद्धा ती उत्तरं जुळवायची. पण धाकटी आली नाही. भेटली की नेहमीसारखं हळू आवाजात विचारायची, ताई, बरं आहे ना, पाणी मारलं का भिंतींना? तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. हिला वखारीतून कळलंच नसेल? की दुसऱ्याच कुणी नेल्या असं वाटलं असेल? थोरलीला तिचा राग आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. अशी गप्प राहून ही आपल्यालाच लहान करते आहे, असं तिला वाटायला लागलं.

पाच आठवडे असे गेले. मग एका रविवारी दीर आला. तो अजूनही आठवड्यातून दोनदा वहिनीकडे चहाला यायचा. कप हातात धरून त्यानं सांगितलं की खिडक्यांचं काहीतरी बिनसलंय. ठरवलेल्या मिळत नाहीयेत, असं ती म्हणते. त्या मापाच्या नवीन करायच्या तर पैसेच उरले नाहीत. तिनं हिशेब करून ठरवलंय, आठपैकी सहा जागा विटांनी बुजवायच्या आणि दोन अर्ध्या करून साध्या खिडक्या लावायच्या. उद्यापासून गवंडी काम सुरू करतोय.

"अंधार होईल थोडा," तो म्हणाला. "पण तुला सांगतो वहिनी, तिनं एवढा जीव ओतला होता ना त्या हॉलमध्ये. बोलत नाही काही. काल नुसती आत उभी होती."

थोरलीला आधी आनंद झाला. तो तिला लपवता येईना, म्हणून ती साखर आणायच्या निमित्तानं आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली. काडेपेटी खरंच काडेपेटी होणार होती. हेच तर हवं होतं. मग बाहेरून दिराचा आवाज आला, की चहात साखर आहे, तू बस. लहानपणी तापात असायचा तेव्हाही तो असाच म्हणायचा, मला काही नको, तू बस. आनंद होता तिथंच काहीतरी आंबट झालं.

सकाळी ती दुकान न उघडता जागेवर गेली. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं. पाहायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. हॉलमधलं पूर्वेचं निळं प्लास्टिक काढलं होतं आणि गवंडी पहिला थर लावत होता. धाकटी बाजूला भिंतीला टेकून उभी होती, लॅबला सुट्टी टाकून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान हलवली.

पहिला थर झाला. जमिनीवरच्या उन्हाची कड आत सरकली. दुसरा झाला. गवंड्याला घाई नव्हती, त्याची थापी एका लयीत वाजत होती. तिसऱ्या थराला ऊन जमिनीवरून उठून समोरच्या भिंतीवर चढलं. थोरली त्या उन्हाकडे बघत होती. काल रात्री झोपताना तिनं हेच चित्र डोळ्यांसमोर आणलं होतं, आणि आता ते प्रत्यक्ष होत होतं तर बघवेना.

"थांबा," ती म्हणाली.

गवंड्यानं वळून पाहिलं.

"खिडक्या माझ्याकडे आहेत. दुकानात. मी वखारीतून उचलल्या, खोटं सांगून." तिनं हे धाकटीकडे न बघता सांगितलं, भिंतीकडे बघत.

गवंड्यानं थापी घमेल्यात ठेवली आणि तो हात धुवायला बाहेर गेला. शहाणा माणूस होता.

धाकटी भिंतीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"वखारवाल्यानं त्याच संध्याकाळी फोन केला होता. एका खिडकीची कडी त्यांच्याकडे राहिली होती. जाऊबाई नेताना विसरल्या, म्हणाले."

थोरलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. पाच आठवडे. पाच आठवडे ती हिच्यासमोर चोरी लपवत होती आणि हिच्या खिशात जणू पावतीच होती.

"मग बोलली का नाहीस?"

"पहिले आठ दिवस वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. मग राग आला. म्हटलं ठेवू देत. बघू किती दिवस ठेवतात." धाकटीचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी काही चांगली नाहीये, ताई. तुमचं दुकान अडलंय हे ऐकून मला बरं वाटायचं."

"आणि त्याला? तुझ्या नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तुमच्याकडे येणं सोडलं असतं." तिनं हातावरची धूळ झटकली. "तेही एकदा मनात आलं होतं माझ्या. घरी दर दुसरं वाक्य 'वहिनी'पासून सुरू होतं. तुम्हाला वाटतं, हेवा फक्त तुम्हालाच करता येतो."

थोरली खाली बसली, वाळूच्या ढिगावरच. तिला रडू आलं नाही. धाकटीलाही आलं नाही. दोघी तशाच राहिल्या, एक बसलेली, एक उभी, आणि बाहेर गवंडी नळाचं पाणी जरुरीपेक्षा जास्त वेळ वाहू देत होता.

"भिंत ओली आहे तोवर काढायला सांगा," शेवटी धाकटी म्हणाली. "विटा वाचतील."

खिडक्या त्याच दुपारी आल्या. एक काच उतरवताना फुटली आणि दोघींपैकी कुणीही ती कुणाच्या हातून फुटली याची चर्चा केली नाही. धाकटीनं पैसे पाकिटात घालून दिले. थोरली नको म्हणणार होती, पण फरशी व्हायची होती, म्हणून घेतले. दिराला सांगितलं ते थोरलीनंच. तो तीन आठवडे चहाला आला नाही. चौथ्या आठवड्यात आला, साखर जास्त झाली म्हणाला, आणि तिला हायसं वाटलं.

तिचं स्वतःचं घर मात्र अजून अर्ध्यावर होतं. तिनं पंधरा दिवस नवऱ्याशी, इंजिनिअरशी आणि आरशाशी वाद घातला आणि मग नकाशाची गुंडाळी घेऊन धाकटीच्या दारात गेली. आयुष्यात कठीण गेलेल्या गोष्टींत ती पायरी पहिली. धाकटीनं कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि पेन्सिल हातात घेतली. गोल गॅलरी सरळ करा. निम्मी सळई वाचेल आणि हॉलला उजेड येईल. जिना आहे तिथंच राहू द्या, आता हात लावू नका. वरचं न्हाणीघर खालच्याच्या डोक्यावर घ्या. वरच्या दोन खोल्यांना आत गिलावा नको, पुढच्या वर्षी करा, राहता येतं. कपाटांना आत्ता दारं नकोत, पडदे लावा. दर वाक्याला थोरलीला वाटायचं, हे मलाही कळत होतं. आणि दर वाक्याला तिला हेही कळायचं, की नव्हतं.

धाकटी पाच महिने आधी राहायला गेली. थोरली गेली तेव्हा तिच्या घरात वर विटा उघड्या होत्या आणि खाली साधी फरशी होती, पण कुणाचं देणं नव्हतं. पाहुणे आले की आधी पलीकडच्या घरात जायचे आणि तिथून बाहेर येताना त्यांचे चेहरे उजळलेले असायचे. ते बघून थोरलीला अजून हेवा वाटायचा. पूर्वीसारखा दिवसभर नाही, पण वाटायचा.

दोन वर्षांनी समोरची जागा एका तरुण जोडप्यानं घेतली. दोघं नकाशा घेऊन तिच्याकडेच आली, कारण तिचं फाटक उघडं होतं. पैसे मोजके आहेत, कुठं वाचवता येईल, असं त्यांनी विचारलं. थोरलीनं त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. कोपरे कमी ठेवा. नळ एका भिंतीला. दारं-खिडक्या आधी घ्या, भिंत नंतर. एकदा ठरवलं की बदलू नका, बदल सगळ्यात महाग पडतो. मुलगी भराभर लिहून घेत होती. ती म्हणाली, तुम्हाला किती माहिती आहे, कुठं शिकलात?

"अनुभवातून," थोरली म्हणाली.

ती दोघं आभार मानून निघाली. फाटकापर्यंत गेली. थोरली पायरीवर उभी होती. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"अहो," तिनं हाक मारली. "ते शेजारचं घर आधी आतून बघून या. माझी जाऊ असेल घरी. विचारा तिला, तिनं मला सांगितलंय हे सगळं."

मुलीनं हसून मान डोलावली आणि ती दोघं तिकडे वळली. धाकटीचं दार उघडल्याचा आवाज आला. थोरली लगेच आत गेली आणि तिनं पडदा ओढून घेतला. बाहेर येतानाचे त्यांचे चेहरे तिला आज बघायचे नव्हते.